कॉम्प्युटरला दोन नांगर

२०२३ साल. मला बहात्तरावं चालू होतं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. त्या दिवसांत मी घरच्या कॉम्प्युटरला राखणदार शोधायला निघालो आणि माझ्या हातानं माझंच नुकसान करून बसणार होतो. झालं नाही, म्हणून आज निवांत बसून हे लिहितो आहे.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढे वडलांनी होडीवर घेतलं. विशीत तांडेल झालो, म्हणजे होडी माझ्या हुकमानं चालायची. पासष्टीत गुडघे गेले तेव्हा उतरलो. अंजनवेलच्या खाडीतून बाहेर पडणाऱ्या होड्यांत माझी होडी रिकामी आली असं फार थोड्या वेळा झालं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकी असली तरी खरी आहे.

होडी रिकामी येत नसे ती निशाणांमुळे. समुद्रात रस्ता नसतो की पाटी नसते. पाण्याखाली खडक असतात, खडकाला मासा असतो, ती जागा नुसतं पाणी बघून सापडत नाही. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन एका रेषेत आणायच्या. दोन्ही रेषा जुळल्या की होडीखाली तो खडक. गडाचा बुरूज, दीपगृह, डोंगराचा खांदा, अमक्याच्या माडांचा झुबका. पुढे गॅसच्या प्रकल्पाची चिमणी आली, तीही मी वापरली. अशी त्र्याऐंशी निशाणं माझ्याकडे होती. काही वडलांनी दिलेली, बाकी माझी. निशाण कुणाला सांगायचं नसतं. सख्ख्या भावालाही नाही. खलाशांना अंदाज येऊ नये म्हणून मी जाळं टाकायच्या आधी होडी दोनदा उगाच फिरवत असे.

आता सगळ्या होड्यांवर मशीन आहे, पडद्यावर मासा दिसतो. मला कुणी काही विचारत नाही. मीही सांगत नाही. मुलगा मुंबईला गोदीत नोकरीला, त्याला समुद्र लागतो.

पण एके दिवशी पडवीत बसून मनातल्या मनात निशाणं म्हणत होतो, आणि एका घोळीच्या खडकापाशी, म्हणजे घोळ मासा मिळतो त्या जागेपाशी, अडलो. एक रेष आठवली, दुसरी आठवेना. तासभर बसलो. जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करताना ती आपोआप आठवली, पण मी घाबरलो ते घाबरलोच. वही आणली आणि लिहायला बसलो. माझं अक्षर मलाच लागत नाही, तरी लिहिलं. वही कपाटामागे लपवली. पावसाळ्यानंतर काढायला गेलो तर वाळवीनं आतलं सगळं खाऊन नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर ठेवलेलं.

तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरवर लिहा. त्याला वाळवी लागत नाही."

सूनबाई ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचंच काम करते. घरचा कॉम्प्युटर मुलानं तिच्यासाठी घेतला होता. तिनं बटणांवर मराठी अक्षरं चिकटवून दिली. मी एका बोटानं लिहायला शिकलो. सूनबाई दिवसभर कामावर, बायको अंगणात नाहीतर शेजारी, मी आणि ते यंत्र. चार महिने लागले. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी निशाणं उतरवली. आयुष्यात मी लिहिलेली तेवढीच एक गोष्ट.

"ह्याची एक कॉपी पेन ड्राइव्हवर काढून ठेवते," सूनबाई म्हणाली.

"नको."

"का?"

"दुसरीकडे गेलं की दुसऱ्याचं झालं."

"बाबा, मी काय जाळं घेऊन जाणार आहे का?"

"तरी नको."

ती हसली आणि कामाला लागली. माझ्यापुढे घरात कुणी फार बोलत नाही. बायको सोडून.

तर दिवाळीनंतर एका दुपारी मी कॉम्प्युटरवर वाऱ्याचा अंदाज बघत होतो. एकदम लाल खिडकी उघडली. भोंगा वाजायला लागला. मराठीत लिहिलं होतं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, सगळी माहिती नष्ट होईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मला वाळवीनं खाल्लेली वही आठवली. पण कुणा परक्याला फोन करून मला वाचव म्हणायचं, हे माझ्याच्यानं आयुष्यात झालं नाही, तेव्हाही झालं नाही. मी भिंतीतली वायर उपटली.

संध्याकाळी सूनबाईनं यंत्र चालू करून बघितलं. "काही झालेलं नाही. ती खिडकीच खोटी होती. फोन केला असतात तर ते बोलण्यात गुंतवून आत शिरले असते. नाही केलात ते फार चांगलं केलंत."

माझी छाती जरा वर आली. "पण खरा आला तर?"

"कॉम्प्युटरमध्ये त्याचा स्वतःचा राखणदार असतोच. तो चालू आहे. तेवढा पुरे."

"कुणी बसवला तो?"

"आधीपासूनच असतो. फुकट."

फुकटच्या माणसाला मी कधी होडीवर घेतला नाही. दुसऱ्या दिवशी एसटी धरून गुहागरला गेलो. तिथे कॉम्प्युटरचं एक दुकान आहे. दुकानदार चाळिशीचा, चष्मेवाला, बोलायला गोड. मी कुठून आलो ते सांगितल्यावर तो आधी म्हणाला, "काका, बंदरावरचे ना तुम्ही? चांगले सोडे मिळतील का कुठे? इथे बाजारात सुकी कोळंबी मिळते ती सगळी वाळूची."

"बघू," मी म्हटलं. "आधी राखणदार दाखव."

त्यानं तीन खोकी पुढ्यात मांडली. एकावर ढाल, एकावर कुलूप, एकावर नुसतंच हिरवं वर्तुळ. मी एक हलवून बघितलं. आत काही वाजेना.

"काय आहे आत?"

"एक कार्ड. त्यावर नंबर असतो. तो घातला की वर्षभर चालतं."

"एवढ्या खोक्यात नुसतं कार्ड?"

"खोकं नुसतं दाखवायला, काका."

खलाशी घेताना मी ज्या गोष्टी विचारत असे त्याच विचारल्या. दुसरं मला काय येणार? "हा झोपतो का?"

"नाही. यंत्र चालू आहे तोवर जागा."

"खातो किती?"

"म्हणजे?"

"सूनबाई म्हणाली, काही राखणदार यंत्राचीच ताकद खातात."

दुकानदारानं चष्मा वर केला आणि माझ्याकडे जरा मानानं बघितलं. "खातात. ढालवाला जास्त खातो. कुलपाचा कमी."

"चोर ओळखायला शिकवावं लागतं की शिकून आलाय?"

"रोज नवीन शिकतो. इंटरनेट चालू असलं की आपोआप. ते अपडेट मात्र बंद करू नका."

"आणि घरच्या माणसाला चावत नाही ना?"

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती हसली. दुकानदार हसला नाही. "कधीकधी चांगल्यालाही चोर समजतो. तेव्हा विचारतो, तुम्ही हो-नाही सांगायचं."

मला माणूस पटला. कुलपाचं खोकं घेतलं. निघताना तो म्हणाला, "एक लक्षात ठेवा काका, दुसरा कुठला वर घालू नका. एकच ठेवायचा."

आता माझी बायको तीस वर्षं मासळी बाजारात बसली. तिथे प्रत्येक बाई शेजारणीच्या मासळीच्या पाटीला नावं ठेवते. माझंच घे, तिचं घेऊ नकोस. मला वाटलं, हेही तसलंच दुकानदारी बोलणं. इथेच मी चुकलो.

सूनबाईनं कुलूपवाला घालून दिला. "घ्यायची गरज नव्हती, पण घेतलाय तर राहू दे," म्हणाली. कोपऱ्यात हिरवी खूण आली. दोन दिवस मी खूश. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. उत्तरेचा, नोव्हेंबरात सुटतो तसा. पडवीत बसून माडांचा आवाज ऐकत होतो आणि डोक्यात एकच यायला लागलं. असल्या वाऱ्यात बाहेर समुद्रात मी कधी एका नांगरावर होडी ठेवली होती का? नाही. दुसरा नांगर टाकल्याशिवाय डोळा मिटला नाही. मग माझी त्र्याऐंशी निशाणं एका नांगरावर का?

बायको शेजारी पापड लाटायला गेली होती. मी कॉम्प्युटर लावला, खोक्यावरचा अँटीव्हायरस हा शब्द बघून मोफत अँटीव्हायरस म्हणून शोधलं, पहिला आला तो उतरवून घेतला. मधे इंग्रजीत काय काय विचारत होता. मला ओके ओळखता येतं. जिथे दिसलं तिथे दाबलं. एक पिवळी खिडकी आली, ती कुलूपवाल्यानं पाठवलेली होती. तिलाही ओके. शेवटी कोपऱ्यात दोन हिरव्या खुणा दिसायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःच चहा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी यंत्र जड चालायला लागलं. माझी फाइल उघडायला विडा खाऊन व्हायचा एवढा वेळ. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते चालूच झालं नाही. काळा पडदा, मधे पांढरे ठिपके गोल गोल फिरतायत. फिरतायत ते फिरतायत.

सूनबाईनं चार वेळा बंद-चालू केलं. मग माझ्याकडे वळली.

"बाबा, तुम्ही काही केलंत का?"

"मी कशाला काय करतोय?"

एवढंच बोललो. ते बोलणं तोंडातून सुटलं आणि परत घेता येईना. बहात्तर वर्षांचा तांडेल सुनेपुढे उभा राहून माझं चुकलं म्हणेल, ही सवय मला कुणी लावलीच नव्हती. सूनबाईनं दोन संध्याकाळी त्या यंत्रापुढे घालवल्या. माझ्याच्यानं भात गिळवेना. त्या ठिपक्यांमागे माझी निशाणं अडकली होती, आणि माझ्या डोक्यातली तर रोज एकेक सुटत होती.

तिसऱ्या सकाळी ती कामावर गेल्यावर मी सीपीयूचा डबा चादरीत बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन गुहागरला गेलो. दुकानदारानं तारा जोडल्या. तेच ठिपके.

"काका, दुसरा कुठला घातला होतात का?"

दुकानात पाचसहा माणसं. "नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "मग विंडोज बिघडलेलं दिसतंय. फॉरमॅट मारावं लागेल."

"म्हणजे काय करणार?"

"सगळं पुसून नव्यानं घालायचं."

"आतलं?"

"आतलं जाईल. कॉपी असेल ना तुमच्याकडे? नसेल तर डिस्क काढून रत्नागिरीला पाठवू. तिथला माणूस उघडून बघेल, आठ दिवसांत..."

"कोण माणूस? तो उघडून बघणार?"

"बघितल्याशिवाय कसं काढणार, काका?"

मी काउंटरवर हात आपटला. सगळ्यांच्या देखत ओरडलो, की तुझ्या खोक्यानं माझं यंत्र बुडवलं, लबाड माल विकतोस, आणि वर माझं सगळं पुसायला निघालास. त्यानं नुसत्या तारा सोडवून दिल्या आणि चादरीची गाठही मारून दिली. ती गाठ मला एसटीत फार टोचली.

गावात उतरलो. डबा घरी ठेवला आणि जेट्टीवर जाऊन बसलो. भरती संपून ओहोटी लागत होती. खाडीत एक होडी उभी होती, बाहेरगावची असावी. तांडेलानं वाऱ्याला भिऊन दोन नांगर टाकले होते. पाणी फिरलं तशी होडी फिरली. एका नांगरावर असती तर सुखानं वळून तोंड बदलून उभी राहिली असती. हिचे दोन दोर एकमेकांत पिळत गेले. रात्रीपासून दोनचार पीळ आधीच पडलेले असणार. ती वळेना, पाण्याला आडवी झाली आणि धक्के खायला लागली. दोन खलाशी पुढे ओणवे होऊन दोर सोडवतायत, तांडेल शिव्या देतोय.

मी मनात म्हटलं, काय हा तांडेल! खाडीत, पाणी सहा तासांनी फिरतं तिथे, दोन नांगर कोण टाकतो? बाहेर समुद्रातलं शहाणपण खाडीत आणतो? ह्याला होडीवर घेतला कुणी?

आणि मग मी तसाच बसलो. दुकानदार बोलला होता, एकच ठेवायचा. पिवळी खिडकी आली होती. मी ओके दाबलं होतं.

सूनबाई सहाला घरी आली. तिला पाणी पिऊ दिलं. बायको चुलीपाशी होती, मुद्दाम तिच्या देखतच बोललो, कारण एकदाच बोलायचं होतं.

"सूनबाई, मी दुसरा राखणदार घातला होता. फुकटचा. तुला खोटं सांगितलं."

तिनं भांडं खाली ठेवलं. "कधी?"

"वारा सुटला त्या दिवशी."

"बाबा! दोन दिवस मी त्या मशीनला शिव्या घालतेय!"

"मला घाल."

बायको चुलीपासूनच म्हणाली, "मी तोंड बघूनच वळाखलं होतं. मासा पळवलेल्या मांजरागत बसलेले चार दिवस. म्हटलं बघूया कंदी ओकतात ते."

सूनबाईला राग आला होता, पण तिला हसूही आलं. हातपाय धुवून बसली. "दोघं एकमेकांना चोर समजून भांडत असणार, म्हणून पुढेच जात नाही. आता फक्त गरजेपुरतं चालू करून बघू. बाकी सगळे बंद."

"म्हणजे तांडेल आणि इंजिन. खलाशी किनाऱ्यावर."

"हो, तसंच."

तीन वेळा वायर काढली, घातली. तिसऱ्यांदा निळा पडदा आला, तिनं काहीतरी दाबलं, आणि यंत्र उघडलं. अक्षरं मोठी, रंग उडालेला, पण उघडलं. तिनं फुकटचा राखणदार शोधून काढून टाकला. मग परत बंद करून नेहमीसारखं चालू केलं. ठिपके आले. ठिपके चार वेळा फिरले आणि गेले.

फाइल होती. पहिली ओळ तशीच होती, चुकलेल्या वेलांटीसकट.

वादळातून बंदरात होडी लागली की खलाशी आधी बडबड करतात, मग जेवतात. मी कधी बडबड केली नाही. त्या दिवशीही नाही केली, पण दोन वेळा भात घेतला.

जेवण झाल्यावर सूनबाई म्हणाली, "कुलूपवाला एकटा राहू दे वर्षभर. पुढच्या वर्षी तो संपला की यंत्रातला घरचा पुरे. आणि बाबा, राखणदार कितीही चांगला असला तरी..."

"कॉपी काढ," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "वाचणार नाही मी."

"वाच. मोठ्यानं वाच पहिलं."

ती वाचायला लागली. "बुरुजाचा डावा कोपरा आणि मागच्या डोंगराची खाच एक करायची. दुसऱ्या बाजूला..."

"...दुसऱ्या बाजूला दीपगृह आणि एकट्या माडाचं टोक," बायको भांडी घासता घासता म्हणाली. "पंधरा वाव खोल पानी. तांब मासा मिळतो."

मी वळून बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुनी सांगायला कशाला व्हया? झोपंत बोलत होतात. सगली ठाव हायेत मना. घोळीचा खडक, तुमच्या बापाचा खडक, सगले."

"आणि तू कुणाला..."

"तीस वरसं बाजारात बसले. बाजूला सगल्या तांडेलांच्या बायका. कंदी तोंड उघडलं काय?" आणि परत भांडी घासायला लागली.

घोळीच्या खडकाची दुसरी रेष मला आठवेना त्या दिवशी ही माझ्यापासून चार हातांवर तांदूळ निवडत बसलेली होती. मी विचारलं नव्हतं.

सूनबाईनं पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. मी तो बायकोला दिला. तिनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात, आमच्या घराच्या कागदांशेजारी ठेवला. मग मी तिला म्हटलं, सोडे आहेत का घरात. तिनं काही न विचारता डबी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली एसटी धरून गुहागरला गेलो. दुकान उघडलं नव्हतं, पायरीवर बसून राहिलो. दुकानदार आला, मला बघून जरा थबकला. त्यानं दुकानाचं कुलूप काढलं. मी आत गेलो नाही. चार गिऱ्हाईकं जमेपर्यंत थांबलो. मग काउंटरपाशी जाऊन, आदल्या दिवशी होता तेवढ्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शेट, तुझ्या खोक्यात खोट नव्हती. मी दुसरा घातला होता आणि तुला नाही म्हणालो." आणि सोड्यांची पिशवी त्याच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "बघून घे. ह्यात वाळू नाही."